ग्रामीण विधानसभा उमेदवाराची स्थानिक प्रश्नांविषयीची भूमिका : सांगोला मतदारसंघाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

२ मे २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्णयानंतर निवडणूक लढविणाऱ्या प्रत्येक उमेदवारास स्वतःवरील फौजदारी खटले, मालमत्ता, देणी आणि शैक्षणिक पात्रता यांची माहिती शपथपत्राद्वारे जाहीर करणे भाग पडले. भारतीय लोकशाहीच्या वाटचालीतील हा महत्त्वाचा टप्पा होय. आज खेड्यातील मतदारालाही आपल्या उमेदवाराकडे किती तोळे सोने आहे आणि किती एकर जमीन आहे हे कळू शकते. मात्र तालुक्यातील कालव्याच्या पाण्यावर पहिला हक्क कोणाचा, याविषयी त्या उमेदवाराचे मत काय आहे हे सांगणारा रकाना त्या शपथपत्रात नाही. तो असावा असे कायद्याला अभिप्रेतही नाही. उमेदवाराची भूमिका जाणून घेणे हे काम मतदाराचे मानले गेले आहे.

पक्षांचे जाहीरनामे राज्यपातळीवर तयार होतात. एखाद्या ग्रामीण मतदारसंघाच्या प्रश्नाला त्यात फार तर एखादी ओळ मिळते. उमेदवाराची स्वतःची भूमिका प्रचारसभेतील भाषणात, घरोघर वाटलेल्या पत्रकात आणि चावडीवरील बैठकीत व्यक्त होते. मतदान संपले की ती विरून जाते. पाच वर्षांनी तिची आठवण देणारा लेखी पुरावा बहुधा कोणाकडेच नसतो. ग्रामीण उमेदवाराची स्थानिक प्रश्नांवरील भूमिका कशी ओळखावी आणि कशी तपासावी, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी सोलापूर जिल्ह्यातील सांगोला मतदारसंघाचे उदाहरण घेतले आहे. या मतदारसंघातून शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख हे १९६२ पासून अकरा वेळा विधानसभेवर निवडून आले. एकाच प्रश्नावरील एका उमेदवाराची भूमिका पाच दशकांच्या काळात कशी घडली, हे येथे पाहता येते. लेखाचा उद्देश चरित्रकथन वा गौरव हा नाही, हे आरंभीच नमूद करणे आवश्यक वाटते.

मागणी, आश्वासन आणि भूमिका

प्रचाराच्या भाषेत मागणी, आश्वासन आणि भूमिका हे तीन शब्द समानार्थी वापरले जातात. विवेचनाच्या सोयीसाठी त्यांत भेद करणे इष्ट ठरेल. ‘आमच्या तालुक्याला पाणी मिळाले पाहिजे’ ही मागणी होय. तिला तालुक्यात कोणीही विरोध करणार नाही. ‘मी निवडून आलो तर पाणी आणीन’ हे आश्वासन होय. त्यात कर्ता आहे, परंतु मार्ग नाही. पाणी कोणत्या नदीचे, ते कोणाच्या वाट्यातून यावयाचे, त्याचा खर्च कोणी सोसावयाचा, आधी कोणाला आणि किती द्यावयाचे, या प्रश्नांची उत्तरे जेथे दिली जातात तेथे भूमिका सुरू होते.

भूमिकेला नेहमीच विरोधक असतो, हे तिचे ओळखचिन्ह मानता येईल. ज्या विधानाच्या विरुद्ध बोलण्याचे धाडस मतदारसंघातील कोणताही उमेदवार करू शकत नाही, ते विधान भूमिका नसून मागणीच असते. ‘शेतकऱ्याला न्याय मिळावा’ हे वाक्य सर्वच उमेदवारांच्या पत्रकांत आढळते, याचे कारण हेच. याउलट ‘उसाला मिळणाऱ्या पाण्यावर मर्यादा घालून ते कोरडवाहू गावांना द्यावे’ असे म्हणणाऱ्या उमेदवारास काही मते गमवावी लागण्याची शक्यता असते. जे मत मांडताना उमेदवार काही गमावण्यास तयार असतो, त्यालाच भूमिका म्हणणे योग्य होईल.

स्थानिक प्रश्नांचे अधिकारक्षेत्र

ग्रामीण मतदार आपले सर्व प्रश्न आमदारापुढे मांडतो. गटार तुंबली, रोहित्र जळाले, डाळिंबाचा दर पडला, रेल्वे थांबत नाही, या सर्व तक्रारींचे निवारण आमदाराने करावे अशी त्याची अपेक्षा असते. वस्तुतः या प्रश्नांचे निर्णय वेगवेगळ्या ठिकाणी होतात.

पहिला वर्ग गावपातळीवरील प्रश्नांचा आहे. महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम १९६१ आणि १९९२ ची त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती यांमुळे गावांतर्गत रस्ते, पिण्याचे पाणी, प्राथमिक शाळा, आरोग्य केंद्र अशा विषयांची जबाबदारी प्रामुख्याने पंचायत राज संस्थांकडे आहे. घटनेच्या अकराव्या अनुसूचीत असे २९ विषय नमूद आहेत. दुसरा वर्ग राज्याच्या अखत्यारीतील प्रश्नांचा. पाटबंधारे, सहकार, बाजार समित्या, जमीन महसूल, दुष्काळ जाहीर करणे हे विषय यात येतात. विधानसभेच्या उमेदवाराचे खरे क्षेत्र हेच होय. तिसरा वर्ग केंद्राच्या अधिकारातील प्रश्नांचा. रेल्वे, शेतमालाची आयात-निर्यात, राष्ट्रीय महामार्ग हे त्यात मोडतात. धनगर समाजाच्या अनुसूचित जमातीतील समावेशाचा प्रश्न सांगोल्यासह अनेक मतदारसंघांत कळीचा असला, तरी घटनेच्या अनुच्छेद ३४२ नुसार त्या यादीत बदल करण्याचा अधिकार संसदेस आहे. राज्य केवळ शिफारस करू शकते. चौथा वर्ग आंतरराज्य स्वरूपाचा असून कृष्णेच्या पाण्याचा प्रश्न त्यात येतो.

आमदाराच्या हाती असलेली साधने मर्यादित परंतु निश्चित आहेत. कायदेनिर्मिती, तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, कपात सूचना, विधिमंडळाच्या समित्या आणि स्थानिक विकास निधी ही ती साधने होत. यांपैकी स्थानिक विकास निधी हेच साधन मतदाराला डोळ्यांनी दिसते. परिणामी समाजमंदिर, सभामंडप, हायमास्ट दिवे यांची यादी म्हणजेच आमदाराचे काम असा समज दृढ होतो आणि उमेदवारही तो समज जपतात. गटारीचे आश्वासन देणारा उमेदवार विधानसभेच्या निवडणुकीत वस्तुतः सरपंचपदाचाच प्रचार करीत असतो. यात हानी ही होते की, पाटबंधाऱ्यासारख्या प्रश्नावर त्याचे मत काय, हे विचारण्याची वेळच येत नाही.

सांगोला : पार्श्वभूमी

सांगोला तालुका पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस, पंढरपूर आणि मंगळवेढा तसेच सांगली जिल्ह्यातील आटपाडी, कवठे महांकाळ आणि जत हे त्याचे शेजारी तालुके होत. तालुक्यातून वाहणारी माण नदी वर्षातील बराच काळ कोरडी असते. ज्वारी, बाजरी यांसारखी कोरडवाहू पिके, शेळ्या-मेंढ्यांचे आणि जनावरांचे पालन, तसेच दुष्काळात स्थलांतर, हे येथील जीवनाचे जुने स्वरूप. पलीकडे नीरा आणि भीमा यांच्या लाभक्षेत्रात ऊस उभा असावा आणि इकडे टँकरची वाट पाहावी लागावी, ही विषमता येथील राजकारणाच्या मुळाशी आहे.

गणपतराव देशमुख १९६२ मध्ये प्रथम निवडून आले. १९७२ मध्ये त्यांचा पराभव झाला. १९७४ च्या पोटनिवडणुकीत ते पुन्हा विजयी झाले. १९९५ मध्ये निसटत्या फरकाने त्यांना पराभव स्वीकारावा लागला. १९९९ पासून २०१४ पर्यंतच्या चारही निवडणुका त्यांनी जिंकल्या आणि २०१९ मध्ये ते उमेदवार नव्हते. ३० जुलै २०२१ रोजी त्यांचे निधन झाले. १९७८ नंतरचे पुरोगामी लोकशाही दलाचे आणि १९९९ नंतरचे आघाडीचे मंत्रिमंडळ यांतील मंत्रिपदाचा काळ वगळता त्यांची बहुतेक कारकीर्द विरोधी बाकांवर गेली.

पाण्याविषयीच्या भूमिकेची तीन वळणे

दुष्काळ हा प्रश्न या सर्व काळात कायम राहिला. त्यावरील भूमिकेची मात्र तीन वळणे दिसून येतात.

पहिले वळण कामाचे. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी योजना राज्यभर लागू झाली. पुढे १९७७ मध्ये तिचा कायदा संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. दुष्काळी तालुक्यातील प्रतिनिधीसाठी हा निर्णायक बदल होता. तोवर दुष्काळी काम ही शासनाची कृपा होती, आता ती मागण्याचा हक्क झाली. ‘आमच्या गावाला काम द्या’ या विनंतीचे ‘कायद्याने काम द्यावेच लागेल’ या दाव्यात रूपांतर झाले. स्थानिक मागणीला राज्याच्या कायद्याचे रूप दिले गेले की ती इतर सर्व दुष्काळी तालुक्यांचीही होते. भूमिकेचे हे बलस्थान येथे लक्षात येते.

दुसरे वळण पाण्याचे. कृष्णा पाणीतंटा लवादाने, म्हणजेच बच्छावत लवादाने, महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० अब्ज घनफूट पाणी दिले होते. ३१ मे २००० नंतर या निवाड्याचा फेरविचार होऊ शकणार होता. त्यापूर्वी आपला वाटा वापरात आणला नाही तर तो गमवावा लागेल, अशी चिंता महाराष्ट्रात व्यक्त होत होती. १९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळाची स्थापना झाली, तिच्यामागे ही चिंता होती. त्याआधीच, १९९३ मध्ये आटपाडी येथून दुष्काळी तालुक्यांची पाणी संघर्ष चळवळ उभी राहिली. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख, डॉ. भारत पाटणकर यांचा तिच्या नेतृत्वात सहभाग होता. सातारा, सांगली आणि सोलापूर जिल्ह्यांतील तेरा तालुके या चळवळीत एकत्र आले. कराड तालुक्यातील टेंभू आणि मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथे कृष्णेचे पाणी उचलून ते टप्प्याटप्प्याने दुष्काळी पठारावर न्यावे, ही मागणी या चळवळीने लावून धरली.

येथे एक बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. सांगोल्याचे पाणी कराडात आणि मिरजेत उचलले जाणार होते. म्हणजे या स्थानिक प्रश्नाची उकल मतदारसंघाच्या सीमेबाहेर, किंबहुना जिल्ह्याच्याही सीमेबाहेर होती. एकट्या सांगोल्याच्या आमदाराने सभागृहात कितीही आग्रह धरला असता तरी तो अपुरा ठरला असता. तेरा तालुक्यांची एकत्रित पाणी परिषद ही या अपुरेपणावर काढलेली वाट होती. वाळव्यासारख्या सिंचित भागातील नेता दुष्काळी तालुक्यांच्या बाजूने उभा राहिल्याने या मागणीला वेगळे नैतिक बळ प्राप्त झाले.

तिसरे वळण वाटपाचे. पाणी आल्यावर ते कोणाला मिळणार, हा प्रश्न या चळवळीने पाणी येण्यापूर्वीच उपस्थित केला. समन्यायी पाणीवाटप या संज्ञेचा आशय असा की, लाभक्षेत्रातील प्रत्येक कुटुंबास पाण्याचा निश्चित वाटा मिळावा. कालव्याच्या मुखाशी असलेल्यांनी ऊस लावावा आणि शेवटच्या टोकाशी असलेल्यांनी कोरडा पाट पाहावा, असे होऊ नये. पाणी आणण्याच्या मागणीत तालुका एक होता. वाटपाच्या भूमिकेत मात्र तालुक्यातल्याच काहींना काही सोडावे लागणार होते. २००५ मध्ये महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा आणि सिंचन पद्धतींचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा असे दोन कायदे झाले. पाण्याच्या समन्यायी वाटपाचे तत्त्व त्यातून कायद्याच्या भाषेत आले. अंमलबजावणीचा मार्ग मात्र अद्याप लांबचा आहे.

उपसा योजनांचा खर्च हा या भूमिकेचा आणखी एक कसोटीचा भाग. पाणी वर चढविण्यास वीज लागते आणि विजेचे देयक थकले की पंप बंद पडतात. पुढे वीज देयकाचा ८१ टक्के भार शासनाने आणि १९ टक्के भार लाभधारकांनी उचलावा, असे धोरण स्वीकारले गेले. ‘पाणी आणू’ असे म्हणणाऱ्या उमेदवाराने या उरलेल्या १९ टक्क्यांविषयी काय म्हटले, हे त्याच्या भूमिकेचे गांभीर्य दाखविते. पाणीपट्टी भरण्याची गोष्ट प्रचारसभेत काढणे कोणासही रुचत नाही.

भूमिकेच्या मर्यादा

या उदाहरणाकडे केवळ यशोगाथा म्हणून पाहणे योग्य होणार नाही. टेंभू आणि म्हैसाळचे पाणी तालुक्याच्या काही भागांत पोहोचले आणि माण नदीवरील बंधारे त्या पाण्याने भरून घेतले जाऊ लागले. तथापि १९६२ मध्ये प्रथम मतदान केलेल्या मतदाराचे बहुतेक आयुष्य या प्रतीक्षेत गेले, हे नाकारता येत नाही. विरोधी पक्षाचा आमदार निवडून दिल्याने तालुक्याचा निधी आणि योजना मागे पडल्या, असा आक्षेप घेतला जातो. या आक्षेपात तथ्य असू शकते. सत्ताधारी आमदारास निधी अधिक सुलभपणे मिळतो हा सार्वत्रिक अनुभव आहे. मात्र ज्या दुष्काळी तालुक्यांनी सातत्याने सत्ताधारी पक्षाचे प्रतिनिधी निवडून दिले त्यांनाही कृष्णेच्या पाण्यासाठी तितकीच वाट पाहावी लागली, हेही विसरता येत नाही. सत्तेची जवळीक समाजमंदिर देऊ शकते. नदीखोऱ्याचे नियोजन बदलण्यास ती पुरेशी ठरतेच असे नाही.

दुसरी मर्यादा अधिक सूक्ष्म आहे. १९९० मध्ये सुरू झालेल्या रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड योजनेने कोरडवाहू भागात बोर आणि डाळिंब यांच्या बागा उभ्या केल्या. सांगोल्याचे अर्थकारण डाळिंबाने बदलले. ऑगस्ट २०२० मध्ये किसान रेल्वे सुरू झाली आणि त्याच वर्षी २८ डिसेंबरला देशातील शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहून पश्चिम बंगालमधील शालिमारकडे रवाना झाली, यावरून या पिकाचे महत्त्व ध्यानात येते. परंतु बाग जगविण्यासाठी विहिरी खोल गेल्या, कूपनलिका वाढल्या. शेततळ्यांत भूजल साठविले जाऊ लागले. तेल्या आणि मर रोगांनी बागा काढाव्या लागल्या तेव्हा कर्ज मात्र उरले. उमेदवारांच्या पत्रकांत डाळिंबाचा दर, विमा आणि निर्यात यांना जागा मिळते. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम २००९ हा जून २०१४ पासून अमलात आहे आणि त्यात खोल विहिरींवर मर्यादा घालण्याची तरतूद आहे. या मर्यादेचा पुरस्कार करणे कोणत्याही उमेदवारास जड जाते. दुसऱ्या खोऱ्यातून येणाऱ्या पाण्यावर समन्यायाची भाषा करणे तुलनेने सोपे, स्वतःच्या मतदाराच्या विहिरीतील पाण्यावर ती करणे अवघड. समन्यायाच्या भूमिकेची खरी परीक्षा येथे आहे आणि ती अद्याप व्हावयाची आहे.

तिसरी मर्यादा सातत्याची. भूमिका एका व्यक्तीशी इतकी जोडली गेली की, ती व्यक्ती निवृत्त झाल्यावर भूमिकेचे काय, हा प्रश्न उभा राहिला. २०१९ मध्ये पक्षाचा नवा उमेदवार हजाराहून कमी मतांनी पराभूत झाला, तर २०२४ मध्ये ही जागा पक्षाकडे पुन्हा आली. मतदारांनी भूमिकेला मत दिले की वारशाला, हे केवळ निकालावरून ठरविता येत नाही. सहकारी सूतगिरणीसारख्या संस्था आणि पाणी परिषदेसारखी व्यासपीठे मात्र व्यक्तीनंतरही टिकू शकतात. म्हणून उमेदवाराने कोणती संस्था उभी केली, हा प्रश्न त्याच्या भाषणाइतकाच महत्त्वाचा ठरतो.

भूमिका तपासण्याचे निकष

वरील विवेचनावरून कोणत्याही ग्रामीण उमेदवाराच्या भूमिकेस पुढील पाच प्रश्न विचारता येतील.

१) हा प्रश्न विधानसभेच्या अधिकारात येतो काय? येत नसल्यास तो ज्यांच्या अधिकारात आहे, त्यांच्याकडे नेण्याचा कोणता मार्ग उमेदवार सांगतो?

२) त्यासाठी लागणारे पाणी, पैसा वा जमीन कोणाकडून यावयाची आहे?

३) या भूमिकेमुळे मतदारसंघातील कोणाची गैरसोय होणार आहे, आणि ते उमेदवार त्यांच्यासमोर बोलला आहे काय?

४) शेजारच्या मतदारसंघात जाऊन तो हीच भूमिका मांडू शकेल काय?

५) मागील निवडणुकीतील भूमिका आणि नंतरचे सभागृहातील प्रश्न, समित्यांतील काम, चळवळीतील सहभाग यांत सुसंगती आहे काय?

यांतील चौथा प्रश्न विशेष महत्त्वाचा वाटतो. सांगोल्यात ‘पाणी आणू’ आणि वरच्या तालुक्यात ‘पाणी जाऊ देणार नाही’ अशी दोन भाषणे एकाच पक्षाच्या दोन उमेदवारांकडून ऐकावयास मिळतात, तेव्हा त्या पक्षाची पाण्याविषयी भूमिकाच नसते.

महाविद्यालयांची भूमिका

ग्रामीण महाविद्यालयांत राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, भूगोल आणि समाजशास्त्र या विषयांचे विद्यार्थी याच गावांतून येतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत ते गावांची सर्वेक्षणेही करतात. निवडणुकीच्या काळात उमेदवारांची पत्रके जमा करणे, सभांतील स्थानिक प्रश्नांविषयीची विधाने दिनांकासह नोंदविणे आणि पाच वर्षांनी विधानसभेच्या छापील कार्यवाहीशी ती पडताळून पाहणे, हे काम कोणत्याही पक्षाची बाजू न घेता करता येण्याजोगे आहे. त्यास मोठा निधी लागत नाही. ग्रंथालयातील एक कपाट आणि नोंदीचे सातत्य एवढे पुरेसे आहे. अशी नोंद उपलब्ध असेल तर पुढील निवडणुकीत मतदार आठवणीवर नव्हे तर पुराव्यावर बोलू शकेल.

समारोप

ग्रामीण मतदारसंघातील स्थानिक प्रश्न बहुधा पूर्णतः स्थानिक नसतो. त्याची झळ गावाला लागते, निर्णय मात्र अन्यत्र होतो. म्हणून उमेदवाराची भूमिका तपासताना तो आपल्या गावासाठी काय मागतो, एवढेच पाहून भागत नाही. तो इतरांकडून काय मागतो आणि आपल्या माणसांना काय सोडावयास सांगतो, या दोन गोष्टींवरून भूमिकेचे मोल ठरते. सांगोल्याच्या उदाहरणात पहिल्या गोष्टीसाठी पाच दशकांचा संघर्ष झाला. दुसरी गोष्ट, विशेषतः भूजलाबाबत, बोलली जाणे अद्याप बाकी आहे. पुढील निवडणुकीत ती बोलावयास लावणे हे जितके उमेदवाराच्या, तितकेच प्रश्न विचारणाऱ्या मतदाराच्या हाती आहे.